परदेशी जोडीदार आणि दोन देशांची कागदपत्रे : भारत–व्हिएतनाम विवाहाचा अभ्यास



प्रकल्प व्यवस्थापन शिकवताना ‘क्रिटिकल पाथ’ समजावण्यासाठी आपण बहुधा पूल, धरण किंवा कारखान्याचे उदाहरण घेतो. या पाठात उदाहरण घरगुती आहे. एका भारतीय नागरिकाला व्हिएतनामी नागरिकाशी लग्न करायचे आहे आणि दोघांना भारतात राहायचे आहे. त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, ती कोणत्या क्रमाने मिळवावी लागतात आणि एखादी कडी तुटली तर त्याचे परिणाम कोण भोगतो, हे आपण पाहणार आहोत. हो ची मिन्ह शहरात किंवा हनोईत नोकरीसाठी जाणारे भारतीय तरुण आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यामुळे हा प्रश्न तुमच्यापैकी एखाद्याचा किंवा तुमच्या मित्राचाही असू शकतो.

मी कायद्याचा शिक्षक नाही. कायद्याची कलमे इथे येतील, ती या प्रक्रियेचे नियम म्हणून. प्रत्यक्ष अर्ज करताना संबंधित कार्यालयाची त्या दिवशीची यादी पाहणे आवश्यकच आहे.

१. मूळ मुद्दा : लग्न आणि वास्तव्य हे दोन वेगळे प्रश्न

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. विवाहाचा दाखला हातात आला की जोडीदाराला भारतात राहण्याचा हक्क आपोआप मिळाला, असे गृहीत धरले जाते. तसे नसते. दाखला इतकेच सांगतो की ही दोन माणसे कायद्याने पती-पत्नी आहेत. परदेशी व्यक्तीने देशात यावे की नाही, किती काळ राहावे, हे ठरवणारा कायदा वेगळा, कार्यालय वेगळे आणि अर्जही वेगळा.

फाइलीतला प्रत्येक कागद पुढील चारपैकी एका प्रश्नाचे उत्तर देतो :

(अ) ही व्यक्ती लग्न करण्यास मोकळी आणि पात्र आहे का?
(आ) लग्न जिथे झाले तिथल्या कायद्यानुसार वैध आहे का, आणि दुसरा देश ते ओळखतो का?
(इ) हे नाते खरे आहे का?
(ई) येणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी कोण घेतो?

कोणताही कागद मागितला गेला की तो यापैकी कोणत्या प्रश्नासाठी आहे, हे आधी ठरवा. मग ‘हा कशाला हवा?’ ही चिडचिड कमी होते आणि पर्यायी पुरावा कोणता चालेल, हेही सुचते.

२. पात्रता : दोन्ही देशांचे नियम एकाच वेळी लागू

भारतात विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार वराचे वय किमान २१ आणि वधूचे किमान १८ हवे. व्हिएतनामच्या २०१४ च्या विवाह आणि कुटुंब कायद्यात पुरुषासाठी २० आणि स्त्रीसाठी १८ ही अट आहे. आता प्रश्न असा : २० वर्षांच्या भारतीय तरुणाने व्हिएतनाममध्ये लग्न केले तर चालेल का? नाही. व्हिएतनामी नागरिक आणि परदेशी यांच्या विवाहात प्रत्येकाने आपापल्या देशाच्या अटी पाळायच्या, आणि नोंदणी व्हिएतनाममध्ये असेल तर परदेशी व्यक्तीने व्हिएतनामच्याही अटी पाळायच्या, असा तिथला नियम आहे. थोडक्यात, दोन अटींपैकी जी कडक ती लागू. समलिंगी विवाहाला दोन्ही देशांत मान्यता नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये हा प्रश्न संसदेकडे सोपवला, आणि व्हिएतनामच्या कायद्यात ‘राज्य असा विवाह मान्य करत नाही’ असे कलम आहे.

पात्रतेचा दुसरा भाग म्हणजे आधीचे लग्न अस्तित्वात नसणे. व्हिएतनाममध्ये नागरी नोंदी स्थानिक लोकसमितीकडे असतात आणि तिच्याकडून ‘वैवाहिक स्थितीचा दाखला’ मिळतो. या दाखल्याची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवा. त्याची मुदत सहा महिने असते आणि तो कशासाठी घेतला आहे, हे त्यावर लिहिलेले असते. घर किंवा जमिनीच्या व्यवहारासाठी घेतलेला दाखला लग्नासाठी वापरता येत नाही.

भारतात सर्व विवाहांची एकत्रित राष्ट्रीय नोंदवही नाही. त्यामुळे भारतीय व्यक्ती अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र करते, आणि त्या आधारे प्रमाणपत्र मिळवले जाते. आधी लग्न झालेले असल्यास घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.

३. कागद सीमा कसा ओलांडतो?

नागपूरच्या नोटरीची सही हनोईतल्या अधिकाऱ्याने का मानावी? त्याला ती सही ओळखीची नाही. म्हणून सहीवर सही अशी साखळी तयार होते. राज्यातील अधिकारी नोटरीची सही साक्षांकित करतो, परराष्ट्र मंत्रालय त्या अधिकाऱ्याची आणि शेवटी दुसऱ्या देशाचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयाची. यालाच कॉन्सुलर प्रमाणीकरण म्हणतात. १९६१ च्या हेग करारातील सदस्य देशांमध्ये या साखळीऐवजी ‘अपोस्टिल’ नावाचा एकच शिक्का चालतो. भारत २००५ पासून या करारात आहे. पण शिक्का चालण्यासाठी दोन्ही देशांत करार लागू असावा लागतो. व्हिएतनाम दीर्घकाळ कराराबाहेर राहिला, म्हणून या दोन देशांच्या कागदपत्रांसाठी संपूर्ण साखळीची रीत रूढ झाली. अर्ज करताना कराराची ताजी सदस्य यादी पाहून मार्ग ठरवा.

प्रमाणीकरणाबरोबर भाषांतरही लागते. व्हिएतनामी कार्यालयाला व्हिएतनामी भाषेतील प्रमाणित भाषांतर द्यावे लागते, भारतीय कार्यालयाला सहसा इंग्रजी. इथे नावांचा घोळ हमखास होतो. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम लावतो. व्हिएतनामी नावात आडनाव आधी, मग मधले नाव आणि शेवटी स्वतःचे नाव येते. व्हिएतनामी अक्षरांवरची स्वरचिन्हे पासपोर्टच्या यंत्रवाचनीय ओळीत येत नाहीत. तिथे लग्नानंतर स्त्रिया आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे पत्नीचे आडनाव पतीपेक्षा वेगळे का, असा प्रश्न इकडच्या खिडकीवर येऊ शकतो. उपाय साधा आहे : सर्व कागदांवर पासपोर्टमधलेच नाव, त्याच क्रमाने. एका अक्षराचा फरकही संपूर्ण साखळी पुन्हा सुरू करायला लावू शकतो.

४. लग्न कुठे करावे? तीन मार्ग

*मार्ग पहिला : भारतात, विशेष विवाह कायद्याखाली.* दोघांपैकी किमान एक जण ज्या जिल्ह्यात लगतचे ३० दिवस राहिलेला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी असतात. हरकत फक्त पात्रतेच्या अटींवरच घेता येते. ‘मुलगी परदेशी आहे’ ही हरकत होत नाही. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर घोषणापत्रावर सह्या होतात. विवाहाचे शब्द दोघांनाही समजणाऱ्या भाषेत उच्चारायचे, असे कायदा सांगतो. ही अट किरकोळ समजू नका. जिला मराठी, हिंदी वा इंग्रजी नीट कळत नाही तिच्यासाठी दुभाषा मागणे हा शिष्टाचाराचा नव्हे, संमतीचा प्रश्न आहे. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर नोटीस रद्द होते आणि सर्व पुन्हा करावे लागते. गोव्यात नागरी विवाहनोंदणीची स्वतंत्र, दोन टप्प्यांची पद्धत आहे. तिथल्या वाचकांनी नागरी निबंधकाकडे चौकशी करावी.

*मार्ग दुसरा : व्हिएतनाममध्ये, स्थानिक कायद्याखाली.* इथे अर्ज, पासपोर्ट, दोघांच्या वैवाहिक स्थितीचे दाखले आणि मानसिक आरोग्याविषयी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. या प्रमाणपत्राचीही मुदत सहा महिने. नोंदणीच्या वेळी दोघांनी हजर राहून सही करायची असते. दुसऱ्यामार्फत लग्न होत नाही. एक बदल नीट लक्षात घ्या. २०१६ पासून परदेशी व्यक्तीशी विवाहाची नोंद जिल्हा पातळीवरच्या लोकसमितीत होत असे. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने स्थानिक प्रशासनातली जिल्हा ही पातळीच काढून टाकली आणि हे काम कम्यून किंवा वॉर्डच्या लोकसमितीकडे गेले. जुनी मार्गदर्शके तुम्हाला जिल्हा कार्यालयात पाठवतील, आणि ती पातळी आता नाही.

असा विवाह झाल्यावर तिथल्या दाखल्याचे प्रमाणीकरण करून तो भारतात वापरता येतो. शिवाय परदेशी विवाह कायदा, १९६९ च्या कलम १७ नुसार भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्याकडे त्याची नोंद करता येते.

*मार्ग तिसरा : व्हिएतनाममधील भारतीय दूतावासात.* याच १९६९ च्या कायद्यानुसार, एक पक्ष भारतीय असेल तर दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. भारताचा दूतावास हनोईत आहे आणि महावाणिज्य दूतावास हो ची मिन्ह शहरात. या मार्गाने जायचे असल्यास स्थानिक कायद्याला असा विवाह मान्य आहे का, हे आधी दूतावासातच विचारावे, कारण स्थानिक कायद्याने मनाई असल्यास अधिकारी नकार देऊ शकतो.

पहिल्या मार्गाने लग्न झाल्यास आणखी एक काम उरते : व्हिएतनामी जोडीदाराने त्या विवाहाची टीप आपल्या देशाच्या नागरी नोंदवहीत करून घेणे. हे राहिले तर भारतात विवाहित असलेली व्यक्ती मायदेशाच्या कागदांवर अविवाहितच राहते.

५. वेळेचे गणित

आता क्रिटिकल पाथकडे वळू. समजा, व्हिएतनामी जोडीदाराला वैवाहिक स्थितीचा दाखला १ जानेवारीला मिळाला. तो जूनअखेरपर्यंत चालेल. प्रमाणीकरण आणि भाषांतरात जानेवारी गेला असे धरू. १ फेब्रुवारीला भारतात नोटीस दिली आणि ती लगेच प्रसिद्ध झाली, तर हरकतींची मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपेल आणि नोटीस एप्रिलअखेरपर्यंत जिवंत राहील. म्हणजे लग्नाची खिडकी मार्च-एप्रिल. इथे दाखल्याची मुदत अडवत नाही, नोटिशीची मुदत अडवते.

हीच नोटीस १० जूनला दिली तर? हरकतींचे ३० दिवस पुरे होण्याआधीच दाखला कालबाह्य होईल. अर्ज बरोबर, कागद बरोबर, तरीही काम अडेल. म्हणून नियोजन लग्नाच्या तारखेपासून उलटे करत या, आणि ज्याची मुदत सर्वांत कमी तो कागद सर्वांत शेवटी काढा. जन्मदाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा असे न संपणारे कागद आधी तयार ठेवा. जोडीदाराच्या व्हिसावर एका वेळी किती दिवस राहता येते हेही तक्त्यात मांडा. हरकतींचा महिना आणि व्हिसाचे दिवस एकमेकांत बसले पाहिजेत.

६. भारतात वास्तव्य : व्हिसा, नोंदणी आणि पुढचे टप्पे

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी प्रवेश व्हिसा असतो. त्याला एक्स व्हिसा म्हणतात. दुसऱ्या व्हिसावर येऊन भारतात लग्न झाले असेल तर व्हिसाचे रूपांतर मागता येते. त्यासाठी नोंदणीकृत विवाहाचा दाखला लागतो. शिवाय विदेशी नागरिक नोंदणी कार्यालय, म्हणजे एफआरआरओ, दोघांची पार्श्वभूमी आणि दोघे खरोखर एकत्र राहतात का, याचा अहवाल देते. व्हिसा १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. हे काम ऑनलाइन होते.

विवाह नोंदला जाऊन सलग दोन वर्षे टिकला की सुरक्षा तपासणीनंतर ओसीआय कार्ड मिळू शकते. त्याने वारंवार व्हिसा वाढवण्याची कटकट संपते. मात्र मतदानाचा आणि शेतजमीन विकत घेण्याचा हक्क मिळत नाही. नागरिकत्व हवे असल्यास नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५(१)(क) मध्ये भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. त्यातले अर्जापूर्वीचे शेवटचे १२ महिने सलग हवेत, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत एकूण सहा वर्षे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे ही पायरी मायदेशाच्या नागरिकत्वाचा विचार करूनच घ्यावी.

७. ‘प्रायोजक’ म्हणजे कोण?

अमेरिकेत पत्नीला किंवा पतीला बोलावणाऱ्याला आय-८६४ नावाच्या हमीपत्रावर सही करावी लागते. सर्वसाधारणपणे त्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांइतके असावे लागते आणि घटस्फोटानेही ही हमी संपत नाही. जोडीदार नागरिक होणे, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमा होणे, त्याचे कायमचे देश सोडणे किंवा मृत्यू, अशा ठरावीक कारणांनीच ती सुटते. कॅनडात जोडीदारासाठीची हमी तीन वर्षांची असते. भारतात उत्पन्नाशी बांधलेली अशी दीर्घ हमी हा प्रक्रियेचा कणा नाही. इथे भारतीय जोडीदाराचे विनंतीपत्र, हमीपत्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांवर भर असतो.

या फरकाचा अर्थ नीट समजून घ्या. अमेरिकेत प्रायोजकाची सही लग्न मोडल्यावरही येणाऱ्याला आर्थिक आधार देते. भारतात मात्र येणाऱ्याचे वास्तव्यच लग्नाला टांगलेले असते. जोडीदार म्हणून मिळालेले ओसीआय कार्ड विवाह विसर्जित झाल्यास कायद्याने रद्द होऊ शकते. व्हिसा वाढवण्यासाठी भारतीय जोडीदाराची सही लागते. ती द्यायला कोणी टाळाटाळ केली, पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केला, तर परक्या देशात एकट्या असलेल्या माणसाची अवस्था काय होईल?

ही कल्पनेतली भीती नाही. आशियात व्हिएतनामी स्त्रियांचे परदेशी विवाह मोठ्या प्रमाणात दक्षिण कोरिया आणि तैवानमध्ये झाले आणि त्यातले बरेचसे दलालांमार्फत. २०१० मध्ये बुसानमध्ये एका तरुण व्हिएतनामी पत्नीची, ती कोरियात पोहोचल्यानंतर आठच दिवसांत, मानसिक आजार असलेल्या पतीने हत्या केली. त्यानंतर कोरियाने दलालांवर वराच्या आरोग्याची आणि गुन्ह्यांची माहिती आधी देण्याचे बंधन घातले. पुढे २०१४ मध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी उत्पन्नाची आणि किमान कोरियन भाषेची अट आणली. मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र आणि ‘तुम्ही एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलता?’ हा मुलाखतीतला प्रश्न अपमान वाटू शकतो. पण त्याचा उगम अशा घटनांत आहे.

८. मुदत चुकली तर अपत्यावर परिणाम

शेवटचा मुद्दा सर्वांत कमी जणांना माहीत असतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी आई-वडील दोघे भारतीय हवेत. किंवा एक भारतीय आणि दुसरा, जन्माच्या वेळी, ‘अवैध स्थलांतरित’ नसावा. वैध पासपोर्टवर येऊन परवानगीच्या मुदतीनंतर राहिलेली व्यक्तीही या व्याख्येत येते. म्हणजे बाळंतपणाच्या धावपळीत आईच्या व्हिसाची मुदत उलटून गेली, तर वडील भारतीय असूनही बाळाच्या जन्मजात नागरिकत्वावर प्रश्न उभा राहू शकतो. व्हिसा संपण्याची तारीख हा घरातल्या कॅलेंडरवरचा दोघांचा दिवस असला पाहिजे, एकट्या परदेशी जोडीदाराची डोकेदुखी नव्हे.

सारांश

• विवाहाचा दाखला आणि वास्तव्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.
• पात्रतेत दोन्ही देशांचे नियम लागू होतात. कडक अट धरून चाला.
• नियोजन उलट्या दिशेने करा. सहा महिने मुदतीचे कागद शेवटी काढा.
• नावे सर्वत्र पासपोर्टप्रमाणे लिहा.
• लग्न एका देशात झाले की दुसऱ्या देशातही त्याची नोंद करा.
• सर्व कागदांचा एक संच परदेशी जोडीदाराच्या स्वतःच्या ताब्यात, त्याला कळणाऱ्या भाषेतील भाषांतरासह असावा. मूळ पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे.

स्वाध्याय

१. या पाठातील तीन विवाहमार्गांपैकी एक निवडा. त्यातील कामांचा नेटवर्क आराखडा काढा. कोणती कामे समांतर होऊ शकतात?

२. वैवाहिक स्थितीचा दाखला १५ मार्चला मिळाला आणि प्रमाणीकरणाला चार आठवडे लागले. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत दिली, तर हरकतींची मुदत संपल्यावरही दाखला चालू असेल?

३. भारतीय जोडीदाराने व्हिसा वाढवण्याच्या अर्जावर सही करण्यास नकार दिला. कलम १ मधील चार प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचा पुरावा अडकला? तो पुरावा परदेशी जोडीदाराला स्वतंत्रपणे देता यावा म्हणून नियमात कोणता बदल सुचवाल? दहा ओळींत लिहा.